खण मोजून बांधलेली मुंबई

गिरगावातली लाकडी चाळ पाडत नाहीत, उतरवतात. घण घालून भुईसपाट करावी अशी ती वस्तूच नाही. आधी मंगलोरी कौलं निघतात, मग त्यांच्याखालच्या रिपा, मग वासे, मग आढं. त्यानंतर वरच्या मजल्याच्या फळ्या, फळ्यांखालच्या कड्या, कड्यांखालच्या तुळया आणि सगळ्यात शेवटी खांब. चढवताना जो क्रम होता त्याच्या बरोबर उलटा. जुन्या लाकडाचा व्यापारी चाळ रिकामी व्हायच्या आधीच येऊन तुळया मोजून गेलेला असतो. शेजारच्या पन्नास वर्षांच्या आरसीसी इमारतीला असं कुणी मोजायला येत नाही. तिच्यातून निघतो तो राडारोडा आणि गंजक्या सळ्यांचं भंगार.

सुट्या भागांची, सारख्या मापाच्या खोल्यांची, कमी भाड्याची आणि शहराच्या ऐन मध्यावर उभी असलेली लाकडी घरं: युरोप-अमेरिकेत गेली पंधरा-वीस वर्षं या कल्पनेचं मोठं कौतुक चाललं आहे. ‘मॉड्युलर टिंबर’ हा वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आवडता विषय झाला आहे. ठाकूरद्वार, फणसवाडी, मुगभाट, काळबादेवी, लालबाग, परळ इथे जन्मलेल्या माणसाला हे ऐकून जरा गंमत वाटते. त्याचं लहानपण अशाच घरात गेलेलं असतं; फक्त त्या घराला कुणी पर्यावरणस्नेही म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर ते तसं नव्हतंही. त्याकडे पुढे वळू.

‘मॉड्यूल’ला आपल्याकडे नेटका शब्द आहे, खण. दोन खांबांमधली, किंवा दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. जुन्या कागदपत्रांत घराचं माप चौरस फुटांत नसायचं, खणांत असायचं. घर केवढं, तर पाच खणांचं. माजघर केवढं, तर दोन खणी. सुताराला एवढं सांगितलं की लाकूड किती लागणार, खांब किती, कड्या किती, हे तो बोटांवर सांगू शकत असे. कुटुंब वाढलं की शेजारी आणखी एक खण जोडायचा. पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांचे चौक, सोपे, माड्या हा सगळा पसारा या एका मापाच्या पाढ्यातून उभा राहिला.

खणाची खरी परीक्षा मराठवाड्यात झाली, तीही फार क्रूर पद्धतीने. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माणसं मुख्यतः चिरडली गेली ती दगडमातीच्या जाडजूड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. ज्या घरांत माळवद भिंतींवर न टेकता आतल्या लाकडी खांब-तुळयांवर तोललेलं होतं, तिथे अनेक ठिकाणी भिंती बाहेर कोसळल्या आणि खण मात्र उभे राहिले. लाकडाचे सांधे थोडे हलतात, करकरतात, पण एकदम तुटत नाहीत. भिंत पडली तरी घर उभं राहू शकतं, कारण भार वाहण्याचं काम भिंतीचं नाहीच. गिरगावच्या चाळीचंही तेच आहे. तिच्या विटा म्हणजे लाकडी चौकटीत भरलेला भराव; मजल्यांचा भार उतरतो तो खांबांवरून.

वाड्याचा खण मुंबईत आला आणि त्याची खोली झाली. १८५४ नंतर कापडाच्या गिरण्या निघू लागल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं येऊ लागली. जमीनवाल्या शेठसावकारांनी ओळखलं की या माणसांना घर नको आहे, पथारी टाकायला आणि चूल मांडायला छप्पर हवं आहे. दहा बाय दहा, दहा बाय बारा अशा खोल्या एका ओळीत, समोर सामाईक गॅलरी, टोकाला जिना, नळ आणि संडास. हा साचा एकदा बसला आणि शहरभर छापला गेला. १९३१ च्या जनगणनेत मुंबईतली सुमारे ७४ टक्के वस्ती एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती.

आता हे दहा फूट कुठून आले? जागेची टंचाई आणि मालकाचा लोभ ही उत्तरं खरी आहेत, पण निम्मी. उरलेलं निम्मं उत्तर लाकडात आहे. दोन टोकांवर टेकवलेली कडी भाराने मध्ये वाकते. दहा फुटांची कडी समजा सूतभर वाकली. तीच जाडी, फुटामागे तेवढाच भार ठेवून ती वीस फुटांची केली तर वाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणजे दहा-बारा फुटांपलीकडे गेलात की कडी एकदम जाड घ्यावी लागते, लाकडाचा खर्च उसळतो आणि कमी भाड्याचं गणितच मोडतं. सुताराला सूत्र माहीत नव्हतं, पण परिणाम पक्का माहीत होता. कडी आडवी न टाकता उभी का टाकायची, हेही त्याला ठाऊक होतं. दोन इंच जाड, सहा इंच रुंद फळी पालथी टाकण्याऐवजी कडेवर उभी केली तर ती नऊपट ताठ राहते. तेच लाकूड, तेवढंच वजन.

गॅलरी तर या गणिताची आणखी चतुर बाजू आहे. पुष्कळ चाळींत खोलीच्याच कड्या भिंतीबाहेर तीन-चार फूट पुढे काढल्या आणि त्यांवर फळ्या ठोकल्या, झाली गॅलरी. बाहेर आलेल्या टोकावर जेव्हा माणसं उभी राहतात तेव्हा आतल्या बाजूला कडीचं पोट थोडं वर उचललं जातं, म्हणजे खोलीतला वाक कमी होतो. गिरगावात गणपतीची मिरवणूक बघायला चाळीचं झाडून सगळं माणूस कठड्याशी लोटतं, तेव्हा खोलीतली जमीन उलट सुटका झाल्यासारखी होते. अर्थात गॅलरीचं टोक मात्र पिढ्यान् पिढ्या पावसात भिजत राहतं. चाळीचा पहिला कच्चा दुवा तोच.

लाकूड कुठलं, हा प्रश्न टाळून चाळीची गोष्ट सांगता येत नाही. मुंबईला सागवानाची सवय गिरण्यांच्या आधीपासून होती. वाडिया घराण्याचे पारशी कारागीर मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची जहाजं बांधत. १८१७ साली इथे बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ गलबत आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात संग्रहालय म्हणून तरंगतं आहे. दोनशेहून अधिक वर्षं खाऱ्या पाण्यात! सागाच्या अंगात तेल असतं, ते वाळवीला रुचत नाही. ऊनपाऊस झेलताना ते फारसं फुगत-आकसत नाही. आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळा ओकच्या लाकडातल्यासारखा झपाट्याने सडत नाही.

मलबारचे साठे आटत गेले तशी नजर ब्रह्मदेशाकडे वळली. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने तिथल्या सागाची जंगलं भाड्याने घेतली. झाड लगेच तोडत नसत. बुंध्याभोवती सालीचा आणि रसकाष्ठाचा पट्टा काढून त्याला उभ्याउभ्या मारायचं आणि दोन-तीन वर्षं तसंच वाळू द्यायचं. कारण ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. मग हत्तींनी ओंडके ओढून ओढ्यात लोटायचे, पुरात ते इरावतीत यायचे आणि तराफे होऊन रंगूनला पोचायचे. मुंबईच्या बंदरात लागणारं लाकूड असं झाडावरच मुरलेलं असे. चाळींच्या तुळया शंभर वर्षांत पिळवटल्या नाहीत याचं श्रेय या सक्तीच्या वाळवणीलाही आहे.

त्याची किंमत कुणी मोजली? याच कंपनीवर ब्रह्मदेशाच्या दरबाराने लाकूड चोरल्याचा ठपका ठेवून जबर दंड बसवला, ते निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये युद्ध पुकारलं आणि मंडालेचा राजा थिबा याला उचलून रत्नागिरीत आणून ठेवलं. तिथेच १९१६ साली तो वारला. रत्नागिरीला सहलीला जाऊन थिबा पॅलेस बघणाऱ्या गिरगावकरांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही की आपल्या खोलीवरची तुळई आणि हा राजवाडा ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत. म्हणून म्हटलं, चाळ पर्यावरणस्नेही नव्हती. तिच्यासाठी तोडलेलं जंगल दुसऱ्याचं होतं आणि ते परत लावायची जबाबदारी घरमालकाची नव्हती, भाडेकरूची तर नव्हतीच.

हा ओघ थांबला तो दोन कारणांनी. सिमेंट देशात बनू लागलं, १९३६ साली एसीसी उभी राहिली, आणि दादरला शिवाजी पार्कच्या आसपास काँक्रीटच्या दुमजली-तिमजली इमारती दिसू लागल्या. मग १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि बर्मा टीक येणंच बंद झालं. सरकारने तर त्याच्याही आधी काँक्रीटचा हात धरला होता. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या त्या आरसीसीच्या. एकूण २०७ चाळी, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. साचा तोच, लाकूड गायब. शंभर वर्षांत त्यांचीही दशा झाली: समुद्राच्या खाऱ्या हवेत आतल्या सळ्या गंजल्या, गंज फुगला, काँक्रीटचे पापुद्रे सुटले. वरळीत जुन्या चाळींच्या जागी चाळीस मजली इमारती उभ्या राहिल्या आणि १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या कुटुंबांच्या आनंदाला नाक मुरडण्याचा अधिकार निदान सामाईक संडासापुढे रांगेत न उभ्या राहिलेल्या माणसाला नाही. मुद्दा एवढाच की लाकडी चाळ लाकडाची होती म्हणून मोडकळीला आली, हे आपण गृहीत धरतो. तिच्यानंतर बांधलेली काँक्रीटची चाळही तितकीच मोडकळीला आली, हे मात्र विसरतो.

मग लाकडी चाळी सडल्या कशाने?

मुंबईच्या दमट हवेने, असं सरसकट उत्तर मिळतं. ते चूक आहे. लाकूड कुजतं म्हणजे त्यावर बुरशी वाढते, आणि बुरशीला लाकडात साधारण वीस टक्क्यांहून जास्त ओल लागते. श्रावणातल्या हवेत आर्द्रता पंच्याऐंशी टक्के असली तरी त्या हवेत टांगलेलं लाकूड सतरा-अठरा टक्क्यांवर येऊन थबकतं. म्हणजे नुसत्या हवेने सागाची तुळई कुजत नाही. तिला पाणी लागतं: थेंबाथेंबाने, रोज, वर्षानुवर्षं, तेही वाळायला वाव न देता. भिंतीत पुरलेल्या तुळईच्या टोकाशी हे सगळं एकत्र येतं. जिथे पाणी पोचतं तिथे वारा पोचत नाही.

आणि हे पाणी आलं मोरीतून. मूळ आराखड्यात चाळीची ओली कामं मजल्याच्या टोकाला एकवटलेली होती. पुढे सोय म्हणून, आब म्हणून, म्हातारी माणसं रात्री गॅलरीतून चालत कशी जाणार म्हणून, घरोघरी मोऱ्या आल्या, मग त्यांच्या न्हाण्या झाल्या, काही ठिकाणी संडासही आले. फळ्यांवर चुन्याचा कोबा, त्यावर शहाबादी फरशी. फरशीच्या सांध्यातून पाणी मुरायचं ते थेट कडीच्या डोक्यावर. माळ्यावर पाण्याचं पिंप आणि पुढे प्लास्टिकची टाकी बसली. दोन टाक्या म्हणजे टनभर ओझं, तेही अशा कडीवर जिचं टोक पिठासारखं झालंय. सोय मागणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. घरात पाणी यायलाच हवं होतं. पण ते येताना लाकडाशी काय करार करायचा, हे सांगणारा सुतार तेव्हा चाळीला परवडत नव्हता.

न परवडण्याचं कारण कायद्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. युद्धानंतरच्या महागाईत भाडेकरूला तो आधार होता, पण पुढे भाडं चहाच्या पैशांइतकं उरलं आणि मालकाने चाळीकडे पाठ फिरवली. लाकडी इमारतीला दर काही वर्षांनी वैद्य लागतो: कौलं परतायची, गॅलरीच्या कड्यांची टोकं तासून बघायची, तेलपाणी करायचं, एखादी कडी बदलायची. हे सगळं थांबलं. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, उपकर बसला, तेव्हा शहरात उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या, आणि त्यांपैकी १६,५०२ होत्या १९४० पूर्वीच्या. एवढ्या पसाऱ्याला पुरं पडणं कुठल्याही मंडळाला अवघडच. आणि दुरुस्ती झाली तीही बहुधा लाकडाची भाषा न जाणणारी: कुजलेल्या कडीशेजारी लोखंडी गर्डर, लाकडी जमिनीच्या जागी जड लादी, बाहेरून टेकू. टेकू काही महिन्यांसाठी लावतात. गिरगावात टेकूंच्या सावलीत मुलं शाळा संपवून नोकरीला लागली.

आगीचं काय? हा लाकडावरचा सगळ्यात जुना आरोप, आणि तो खोटा नाही. १७ फेब्रुवारी १८०३ ला कोटातली मुंबई जळाली तेव्हापासून तो शहराच्या आठवणीत आहे. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासाला आग लागली, इमारत कोसळली आणि अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांचे प्राण गेले. तरी इथे एक फरक नीट पाहायला हवा. जाड लाकूड पेटतं तेव्हा त्याचा वरचा थर कोळसा होतो, आणि कोळसा उष्णता आत जाऊ देत नाही. जळण्याची गती मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटरहून कमी. नऊ इंची तुळई तासभर आगीत राहिली तरी तिचा गाभा शाबूत असतो. लोखंडी गर्डर साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावून बसतो. मग चाळ एवढी भडकते का? कारण तुळया जाड असल्या तरी पाऊण इंची फळ्या, जाळीची तावदानं, पोटमाळे, लाकडी पार्टिशनं हे सगळं सरपण आहे. त्यातून फिरलेल्या उघड्या वायरी. आणि उतरायचा एकमेव जिना, तोही लाकडी. माझ्या मते चाळीतला खरा अक्षम्य दोष हा जिना आहे. सुटकेची वाटच जळणारी असावी, याला कुठलंही समर्थन नाही.

परदेशात लाकूड परतलं ते हाच धडा गिरवून. ऑस्ट्रिया-जर्मनीत १९९० च्या दशकात एक साधी युक्ती पक्की झाली: देवदाराच्या जातीच्या झाडांच्या पातळ फळ्या एकावर एक, एक थर उभा तर दुसरा आडवा, अशा चिकटवायच्या. प्लायवुडचाच मोठा भाऊ, सीएलटी म्हणतात त्याला. जुनाट महावृक्षाची गरजच उरत नाही. लावणीची बारीक झाडंही चालतात, आणि भिंतच्या भिंत, जमीनच्या जमीन कारखान्यातून दारंखिडक्या कापून येते. लंडनच्या मरी ग्रोव्हमध्ये २००९ साली नऊ मजली इमारत झाली. तळमजला काँक्रीटचा आणि वरचे आठ मजले लाकडाचे. ते लाकूड चार सुतारांनी सत्तावीस दिवसांत चढवलं. व्हँकूव्हरच्या विद्यापीठात २०१७ मध्ये अठरा मजली वसतिगृह झालं, त्याचा लाकडी सांगाडा सत्तर दिवसांच्या आत उभा राहिला. त्यातले जिने मात्र काँक्रीटच्या दोन बुरुजांत आहेत. चाळीची चूक त्यांनी केली नाही.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते फिनलंडमधल्या युवास्कुलाचं ‘पूकुओक्का’. २०१५ साली झालेली आठ मजली लाकडी इमारत. कारखान्यात तयार झालेल्या खोल्याच्या खोल्या ट्रकवरून आणून एकावर एक रचल्या. प्रत्येक घर दोन पेट्यांचं: एकीत बसायची खोली, झोपायची खोली आणि गॅलरी, दुसरीत न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि दाराजवळची जागा. एक सुका खण आणि एक ओला खण! पाण्याच्या आणि विजेच्या नळ्या बाहेरच्या सामाईक वाटेच्या भिंतीत, म्हणजे गळती झाली तर कुणाच्या घरात न शिरता दुरुस्त करता येते. चाळीच्या गॅलरीत बाहेरून फिरलेले नळ आठवतात? तेच शहाणपण, फक्त दिसायला देखणं. आणि घर घेणाऱ्याने किमतीच्या सात टक्के रक्कम आधी भरायची, बाकी सरकारी हमीच्या कर्जावर भाड्यासारखी फेडायची.

हे गिरगावात का होत नाही, याची कारणं सांगायला फार वेळ लागत नाही. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात प्रत्येक जुन्या भाडेकरूला निदान ३०० चौरस फूट फुकट द्यावे लागतात. तो खर्च निघायचा तर वर विकायला मजले हवेत, आणि मग इमारत तीस-चाळीस मजल्यांवर जाते. तिथे आजचं लाकूड पोचत नाही. जगातल्या सर्वांत उंच लाकडी इमारतींपैकी एक, अमेरिकेतल्या मिलवॉकीची, पंचवीस मजल्यांची आहे. शिवाय आपल्याकडे लाकूड आणि जंगलतोड ही एकच गोष्ट मानली गेली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरायला बंदी घातली, ती २०२० मध्ये उठली. मधल्या सत्तावीस वर्षांत अभियंत्यांची एक पिढी लाकडाला हात न लावता निवृत्तीला आली. गडचिरोली-चंद्रपूरचा उत्तम साग आहे, पण तो अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांना गेला. परवडणाऱ्या घराच्या कडीला तो मिळणं आता अशक्य. त्याला पिकायला साठ-सत्तर वर्षं लागतात.

बांबूला तीन-चार. सिंधुदुर्गात बांधावर वाढणारा माणगा हा जवळजवळ भरीव बांबू आहे, आणि कुडाळच्या कॉनबॅक या संस्थेने त्याच्या इमारती बांधून दाखवल्या आहेत. बोरिक अॅसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात मुरवला की भुंगा लागत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून सुटला. तोडायला आणि न्यायला परवाना मागायची कटकट गेली. फळ्या पाडून, चिकटवून त्याच्याही कड्या बनतात. ज्या कोकणाने गिरणगावाला माणसं पुरवली तेच कोकण त्याला कड्याही पुरवू शकेल, हे मला नुसतं गोड स्वप्न वाटत नाही. पण त्याची जागा नेमकी ओळखायला हवी.

ती जागा टॉवर नव्हे, संक्रमण शिबिर आहे. चाळ उतरवली की माणसांना तात्पुरतं कुठेतरी ठेवायचं असतं. आपण ही तात्पुरती घरं विटा-सिमेंटची बांधतो, मग ती हलत नाहीत, माणसंही हलत नाहीत, आणि तात्पुरत्याची पंचवीस-तीस वर्षं होतात. खणाखणांचं, नटबोल्टांनी जोडलेलं, तीन-चार मजली लाकूड-बांबूचं शिबिर असतं तर ते काम संपल्यावर उतरवून पुढच्या वाडीत नेता आलं असतं: आधी मुगभाटात, मग परळला, मग शिवडीला. ओल्या खणांचा बुरूज आणि जिना काँक्रीटचा, बाकी सगळं सुकं आणि सुटं. १८६०च्या दशकात काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलाचा अख्खा लोखंडी सांगाडा इंग्लंडातून सुटा येऊन इथे जोडला गेला होता. दीडशे वर्षांपूर्वी साहेबाच्या हॉटेलासाठी जमलं, ते भाडेकरूच्या खोलीसाठी न जमण्यासारखं त्यात काही नाही.

मुंबईच्या हवामान आराखड्याने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं आहे. सुक्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं. घनमीटरभर साग सुमारे सहाशे किलोंचा धरला तर झाडाने हवेतून ओढलेला अकराशे किलो कार्बन डायऑक्साइड त्यात बंद आहे. लाकूड जळत किंवा कुजत नाही तोवर तो बंदच राहतो. या हिशेबाने चाळीतल्या तुळया अजून कामावरच आहेत. उतरवल्यानंतरही त्या जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जातात, कापल्या जातात, जेवणाची टेबलं आणि बंगल्यांचे दरवाजे होतात.

तिथे व्यापारी प्रत्येक तुळईवर हातोडीची मूठ आपटत जातो. ठणठणीत वाजली तर पुढे. भद्द वाजली की थांबतो, खडूने रेघ मारतो. खोलीचा नकाशा त्याने पाहिलेला नसतो, पण मोरी कुठल्या कोपऱ्यात होती हे त्याला रेघेवरून कळतं. तेवढं हातभर टोक कापून बाजूला पडतं. उरलेली आठ-नऊ फूट तुळई घनफुटाच्या भावाने लावतात.